ओळख नसलेल्यांसाठी



सामाजिक संस्थांच्या संमेलनात अध्यक्षाने ध्येयवादावर बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र पैशांवर बोलायचे ठरवले आहे. पैसे कसे मागावेत यावर आपल्याकडे शिबिरे होतात, पुस्तिका निघतात. कोणाकडे मागावेत हे शोधून कसे काढायचे, यावर फारसे कोणी बोलत नाही. या शोधाला मी संशोधनच म्हणतो. त्याला कागद लागतात, वेळ लागतो, चिकाटी लागते, आणि ते केले नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आपल्या क्षेत्रात पैसा आजवर ओळखीच्या वाटेने आला आहे. कुणाचा मामा कंपनीत असतो, कुणाचा वर्गमित्र विश्वस्त असतो, कुणाला एखादे आमदार चिठ्ठी देतात. यात गैर काही नाही. चांगली कामे अशीही उभी राहिली आहेत. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी बंगळूरहून सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राचे संशोधन करणारी संस्था मुंबईत उभारावी, अशी त्यांची मागणी होती. काही दशकांत अणूपासून वीज होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला बाहेर बघावे लागू नये, असे त्यांनी लिहिले. हिरोशिमाला अजून जवळजवळ दीड वर्ष अवकाश होता! पुढच्या वर्षी जूनमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या आत्या. दार ओळखीचे होते, हे खरेच. पण भाभा केवळ नात्यावर विसंबले नाहीत. या ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था आणि १९४१ मध्ये कर्करोगाचे रुग्णालय उभे केले होते. देशात जे नाही ते पायापासून उभारायचे, हा त्या ट्रस्टचा कल होता, आणि भाभांनी नेमके तसेच काम त्यांच्यापुढे ठेवले.

ज्यांची आत्या कोणत्याच ट्रस्टमध्ये नाही, त्यांनी काय करायचे? अक्कलकुव्याच्या, भामरागडच्या, माणच्या संस्थेने काय करायचे? माझे आजचे सगळे बोलणे त्यांच्यासाठी आहे. कागद वाचून ट्रस्टचा कल ओळखणे त्यांच्या हातात आहे, आणि हे साधन ओळखीइतकेच बळकट होऊ शकते, असे माझे ठाम मत आहे.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण आपल्या घरचे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेत, अध्यक्षपदावरूनच, त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, ते वर्गणीवर आणि किरकोळ देणग्यांवर. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासाला गेले असता त्यांनी तेच जपानी विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. १९२० मध्ये त्यांनी १५ लाख रुपये देऊ केले. कर्व्यांनी जे वाचले होते तेच ठाकरसींनी डोळ्यांनी पाहिले होते. देणगीदाराच्या मनात आधीच जागा असलेले काम त्याच्यापुढे गेले की बोलणे किती सोपे होते, हे यात दिसते. त्याच देणगीबरोबर अटीही आल्या. विद्यापीठाला मातोश्री नाथीबाईंचे नाव द्यायचे आणि मुख्य ठाणे मुंबईला न्यायचे. १९३६ मध्ये ते मुंबईला गेलेही. आज अर्ज करणाऱ्या संस्थांना मी आवर्जून सांगतो, की रकमेच्या आधी अटी वाचा. आपले ठाणे हलवायला लागेल का, आपले काम हलेल का, हे आधीच कळलेले बरे.

आता कागदांकडे येऊ. कंपनी कायदा २०१३ मधले कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायची आहे. देशभर ही रक्कम आता वर्षाला २५ हजार कोटींच्या पुढे गेली आहे, आणि राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र सतत अग्रभागी असतो. हे ऐकून आनंद होतो. मग जिल्हावार पाहावे, तर मुंबई आणि पुण्याभोवती पैसा दाटलेला दिसतो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे केंद्र सरकारने विकासासाठी निवडलेले राज्यातले चार ‘आकांक्षित’ जिल्हे. त्यांची नावे कंपन्यांच्या धोरणांत मोठ्या प्रेमाने येतात, खर्चाच्या यादीत मात्र फार तुरळक. ही तफावत दाखवून देणारा कागद आपल्या अर्जाला जोडता येतो. सीएसआरचे सरकारी पोर्टल कंपनीवार, राज्यवार, विषयवार आकडे देते. शिवाय संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकायचे असा नियमच आहे. हे सगळे फुकट आहे, आणि आपल्यातले फार थोडे लोक ते उघडून बघतात.

उघडल्यावर काय बघायचे? मी तरुण कार्यकर्त्यांना शेजारी बसवून एकाच कंपनीच्या तीन वर्षांच्या याद्या वाचायला लावतो. धोरणाचा मजकूर बाजूला ठेवायचा. शिक्षण, आरोग्य, महिला सक्षमीकरण हे शब्द सगळ्यांकडे सारखेच असतात. यादी बोलते. सगळ्यांत लहान रक्कम किती, सगळ्यांत मोठी किती? समजा लहानातली लहान ४० लाखांची असेल, तर वर्षाला ८ लाखांत काम करणाऱ्या संस्थेने तिथे वेळ घालवू नये. ती कंपनी देणार नाही, आणि दिलेच तर तो पैसा संस्थेला पेलणार नाही. मग जिल्हे बघायचे. कंपनी जिथे काम करते त्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो, म्हणून ज्या तालुक्यात कंपनीचे एखादे गोदाम जरी असले तरी ते आपल्या उपयोगाचे. त्यानंतर संस्थांची नावे. तेच नाव सलग तीन वर्षे आले तर ही कंपनी धरून ठेवणारी आहे. दर वर्षी नवी नावे आली तर एका वर्षानंतर आपण पुन्हा रस्त्यावर. शेवटी त्या यादीतल्या एखाद्या संस्थेला फोन करायचा. पैसे वेळेवर येतात का आणि अहवाल किती वेळा मागतात, एवढेच विचारायचे. या फोनवर लोक मोकळेपणाने बोलतात. एकमेकांना सांगण्यात आपले काही कमी होत नाही, हे खेड्यातल्या संस्थांना शहरातल्यांपेक्षा जास्त कळते.

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचे काम मी जवळून पाहिले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी त्या हंगामी वसतिगृह चालवतात. दसऱ्यानंतर मुकादम टोळ्या घेऊन निघतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि मूल बरोबर गेले की त्याची शाळा सुटलीच. म्हणून आई-बाप परतेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, मुलांना गावातच ठेवून जेवू घालायचे. ताईंना पैसा ऑक्टोबरात लागतो: धान्य, तेल, डाळ, अंथरुणे, स्वयंपाकीण. कंपन्यांचे पैसे मात्र आर्थिक वर्ष संपत आले की फेब्रुवारी-मार्चमध्ये धावत सुटतात. एका मोठ्या कंपनीचे अधिकारी असेच मार्चच्या तोंडावर आले आणि म्हणाले, जेवणाला देता येणार नाही, संगणक कक्ष घ्या, ३१ तारखेच्या आत बिले द्या. ताईंनी नम्रपणे नाही म्हटले. ज्या गावात संध्याकाळी वीज टिकत नाही आणि मुलांना रात्रीची भाकरी पुरवायची आहे, तिथे बंद खोलीतले संगणक काय कामाचे? मला त्या नकाराचा फार अभिमान वाटतो. पण ताई नकारावर थांबल्या नाहीत. त्यांनी एक लांब रेघांचे रजिस्टर घेतले आणि ट्रस्टांचे अहवाल वाचत गेल्या. पहिल्या रकान्यात ट्रस्टचे नाव, पुढे गेल्या तीन वर्षांत कोणत्या कामाला दिले, किती दिले, अर्ज कोणत्या महिन्यात घेतात, विश्वस्तांची बैठक कधी असते, कोणाशी बोलणे झाले आणि ते काय म्हणाले. त्यात त्यांना असा एक ट्रस्ट सापडला, ज्याने दुसऱ्या राज्यात वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना मदत केली होती. ऊस नव्हता, पण स्थलांतर तेच होते. ताईंनी जानेवारीत अर्ज पाठवला आणि पुढच्या हंगामाच्या आधी पहिला हप्ता आला. त्यांचे अक्षर लहान आहे, आणि रजिस्टरच्या समासात नकारांची कारणेही लिहिलेली आहेत. माझ्या मते ते समास सगळ्यांत मोलाचे आहेत.

एका गैरसमजाबद्दल इथे बोलायलाच हवे. सीएसआरमधून संस्थेच्या प्रशासनाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरलेलाच नाही. प्रकल्पावरच्या कार्यकर्त्याचा पगार म्हणजे अंमलबजावणी. हे नियमात लिहिलेले आहे, आणि ज्याने नियम वाचला आहे त्यालाच ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला सांगता येते. परदेशी पैशाची गोष्ट वेगळी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी योगदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. मोठ्या संस्थांकडून लहान संस्थांकडे झिरपणारा परदेशी पैसा त्या दिवशी आटला, आणि त्याची सगळ्यांत जास्त झळ इथे बसलेल्यांना लागली.

परदेशातल्या मराठी माणसांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे साहित्य आणि समाजकार्य पुरस्कार नव्वदच्या दशकापासून चालू आहेत, आणि कितीतरी कार्यकर्त्यांना त्यांनी बळ दिले. तरी एक भेद लक्षात ठेवा. आपल्या गावचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो आणि त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान ठरत नाही. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम परदेशी ठरते आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. प्रेमाने आलेला धनादेश खात्यात भरण्याआधी हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

देणाऱ्यांनाही या व्यासपीठावरून काही सांगायचे आहे. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला दर वर्षी ९९०-पीएफ नावाचे विवरण भरावे लागते. कोणाला किती दिले याची यादी त्यात असते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्याकडे ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतात, नक्कल मागताही येते, पण त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. टाटांसारखे मोठे ट्रस्ट अहवाल छापतात. बाकीच्यांनीही आपली यादी दर वर्षी जाहीर करावी, लहान रकमांसकट. आणि अर्ज मराठीत घ्यावेत. भामरागडच्या कार्यकर्तीला कुपोषणाबद्दल जे कळते ते ती मराठीत, माडियात सांगू शकते. इंग्रजीच्या सल्लागाराकडून लिहून आणलेल्या अर्जात तिचे काम हरवते आणि सल्लागाराची वाक्ये उरतात. महाराष्ट्रात पैसा देऊ इच्छिणाऱ्या ट्रस्टकडे मराठी वाचणारा एक माणूस असणे ही अवाजवी अपेक्षा नाही. नकार देताना दोन ओळींचे कारणही द्यावे. त्या दोन ओळींतून संस्था वर्षभराचा रस्ता शोधते.

आपल्याकडून मी एवढेच मागतो, की हे वाचन एकट्याने करू नका. शोधाचे काम पगारी सल्लागारावर सोडले की माहिती त्याच्याबरोबर निघून जाते. ज्याला काम माहीत आहे त्यानेच यादी वाचली पाहिजे, कारण वीटभट्टी आणि ऊस यांतले साम्य त्यालाच दिसते. प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच संस्थांनी मिळून ताईंसारखे एक रजिस्टर ठेवावे, तीन महिन्यांनी एकत्र बसून त्यात भर घालावी, आणि नकार लपवू नयेत. एकाच ट्रस्टकडे दोघांचे अर्ज गेले तर आपले नुकसान होईल, ही भीती मी ऐकली आहे. माझा अनुभव उलटा आहे: एकाच जिल्ह्यातून दोन नीट अर्ज आले की ट्रस्ट त्या जिल्ह्याकडे लक्ष देऊ लागतो.

त्या रजिस्टरचे कोरे रकाने आखून त्याच्या प्रती बाहेर ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात जिल्हावार बसायचे आहे. जाताना प्रत्येक जिल्ह्याने ते ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव संयोजकांकडे द्यावे.