परतीचा दोर

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला की कळस कोणी दिला, फरशी कोणी दिली, घंटा कोणाच्या स्मरणार्थ बसली, हे सारे दगडावर कोरले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तो कळस वर नेऊन बसवणारा माणूस कशाच्या आधाराने उभा होता, हे सहसा कोणी विचारत नाही. आजचा विषय तोच आहे. उंचीवर काम करणाऱ्याचा तोल गेला तर त्याला काय अडवणार, आणि तो अधांतरी अडकला तर त्याला खाली कोण आणणार?

कोयनानगरला उंचीची ओळख करून द्यायला नको. धरणाची उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांहून जास्त. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, वस्ती कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि धरणाच्या भिंतीला वरच्या भागात भेगा पडल्या. त्या बुजवून भिंतीला मागच्या अंगाने जोड देण्याचे काम १९७३ पर्यंत झाले. सांडव्याच्या भागाची मजबुती तर २००६ साली पुरी झाली. ही सगळी कामे माणसांनी उंचीवर उभे राहून केली.

अशा ठिकाणी मग एक समजूत होऊन बसते. धरणाची उंची ती उंची. देवळाच्या सभामंडपाला, घराच्या आढ्याला कोण उंची म्हणतो? हिशेब मात्र निराळे सांगतो. १० फुटांवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. ३३ फुटांवरून दीड सेकंदसुद्धा लागत नाही आणि वेग ताशी ५० किलोमीटर होतो. पाऊण सेकंदात हात पुढे करून काही धरता येत नाही. जे धरून ठेवणार आहे ते आधीच बांधलेले असावे लागते.

गावातली पडझड बहुतेक ओळखीच्या कामांतलीच असते. पावसाळ्याच्या तोंडावर कौले चाळायला चढणे, सिमेंटच्या पत्र्यावर पाय देणे, त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेच्या हातांवरून वर जाणे, नवरात्रात शिखरावर दिव्यांची माळ सोडणे. यांत सिमेंटचा पत्रा सर्वांत फसवा. तो दिसतो दगडासारखा आणि फुटतो पापडासारखा. त्यावर थेट पाय न देता खालच्या वाशांवर टेकतील अशा फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. शिवाय इथला पाऊस वर्षाला ५,००० मिलिमीटरांच्या आसपास. शेवाळ धरलेल्या शिखरावर अनवाणी चढण्यात श्रद्धा असेल, पण पकड नसते.

परांचीचेही तसेच. बांबू आणि काथ्या वाईट नाहीत. मोठमोठी शिखरे त्यांवरच उभी राहिली. पण काथ्या भिजून सुकला की गाठ सैल होते, म्हणून दर सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर गाठी पाहाव्या लागतात. उभे राहायला एक फळी पुरत नाही, पुरी रुंदी भरून फळ्या हव्यात, त्या बांधलेल्या हव्यात, आणि कमरेच्या उंचीला आडवा कठडा हवा. कठडा ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू गोष्ट आहे. माणूस विसरला तरी कठडा विसरत नाही.

कठडा जिथे बसत नाही तिथे जाळे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी पुलाखाली जाळे लावून घेतले. त्या जाळ्याने १९ माणसे वाचवली. पुढे १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांचीच सुटून जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि १० कामगार गेले. म्हणजे जाळे माणसाला झेलते, परांचीला नव्हे. जाळे आहे म्हणून परांचीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

आता पट्ट्याविषयी. नुसत्या कमरेला दोर बांधून चढण्याची पद्धत सोडली पाहिजे. पडताना सारा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा अंगभर पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तो हवा, आणि त्याचा दोर शक्यतो डोक्याच्या वरच्या पक्क्या जागी अडकवलेला हवा. पायाजवळ अडकवला तर काय होते ते पाहा. दोर १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी उलगडून सुमारे १.२ मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर राखीव, असे साडेपाच मीटर होतात. म्हणजे १८ फूट मोकळी जागा खाली लागते. १२ फुटी मंडपावर असा दोर बांधणारा माणूस पट्ट्यासकट जमिनीवर आपटेल.

आणि पट्ट्याने धरले म्हणजे माणूस वाचला, असेही नाही. सिंहगडावर १६७० साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, ही कथा पोराबाळांना ठाऊक आहे. लढाईत ते शोभले. शिखरावर मात्र परतीचा दोर आधी बांधावा लागतो. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साठते, थोड्याच मिनिटांत भोवळ येऊ शकते, आणि अर्ध्या तासाच्या आत जीवही जाऊ शकतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रभर आहे, तिला फोन लावलाच पाहिजे. पण ती यायला वेळ लागतो, आणि आली तरी वर चढून दोर सोडवणे हे तिचे काम नव्हे. कराड येथून ५० किलोमीटरांहून दूर. तेव्हा सोडवणारी माणसे जागेवरचीच हवीत.

म्हणून चढण्यापूर्वी ठरवायचे : शिडी कोणती, ती तिथवर पोहोचते का, दुसरा दोर आणि कप्पी कुठे बांधलेली आहे, खाली दोन माणसे कोण थांबणार. एकट्याने चढायचेच नाही. अडकलेला शुद्धीवर असेल तर त्याने पाय हलवत राहावे, दोराच्या फासात पाऊल टेकवून उभे राहण्याचा प्रयत्न करावा, आणि खालच्या एकाने त्याच्याशी सारखे बोलत राहावे. खाली आणल्यावर त्याला सपाट निजवावे आणि श्वास पाहावा. चार जणांनी हातपाय धरून उचलायचे, बसवायचे, तोंडात पाणी ओतायचे आणि टेंपोत कोंबायचे, ही आपुलकी मानेला वा कण्याला मार असेल तर घातक ठरते. हे एकदा रिकाम्या दिवशी, पोत्यात वाळू भरून करून पाहावे. कागदावर सोपे वाटणारे काम तेव्हा कुठे अडते ते कळते.

विश्वस्तांसाठी एक शब्द. काम उक्ते दिले म्हणजे जबाबदारीही उक्ती गेली, असा समज सोयीचा आहे, खरा नाही. करारात सिमेंटच्या पोत्यांसोबत कठडा, पट्टे आणि दोर यांचाही खर्च वेगळा लिहावा. न लिहिला तर ठेकेदार तोच आधी वाचवतो. गवंडी आणि मजूर यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. त्यासाठी वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो.

देणगीदारांनी दोन हार्नेस, चांगला दोर, कप्पी आणि लांब शिडी एवढे दिले तरी देवस्थानाची दरसालची रंगरंगोटी आणि ध्वज बदलण्याचे काम निभेल. या वस्तू सभामंडपाच्या कोठीत कोरड्या जागी, उंदरांपासून दूर टांगाव्यात आणि किल्ली पुजाऱ्याजवळ असावी. ज्या पट्ट्याने एकदा पडता माणूस झेलला तो पुन्हा वापरायचा नसतो, वरून धडधाकट दिसला तरी. तो त्याच दिवशी कापून टाकावा. तसाच ठेवला तर कोणीतरी म्हैस बांधायला नेईल आणि पुढच्या वर्षी इमानाने परत आणून त्याच खुंटीला टांगील.