इंजिन थंड होऊ द्या, मगच हात घाला

(दुबईच्या सोनापूर कॅम्पात सुट्टीच्या दिवशी आपल्या लोकांपुढे केलेलं बोलणं)



सेफ्टी बेल्ट आणि स्कॅफोल्डिंगबद्दल तुम्ही रोज सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये ऐकता. आज साइटच्या पिकअपबद्दल बोलतो. बोनेट उघडलं की आत वाळू, ग्रीस आणि गळलेल्या ऑइलचा थर असतो. मग कुणीतरी हेल्परला सांगतं, "जरा धुऊन टाक." हे काम कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते कसं करायचं हेही कुणी शिकवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मीच असं सांगितलं होतं. गाडी नुकतीच लांबून आली होती. मी म्हणालो, "दहा मिनिटांत आटप." इंजिन बंद होतं, चावी माझ्या खिशात. पोराने फडकं घेऊन रेडिएटरजवळ हात घातला आणि पंखा आपोआप फिरला. दोन बोटांना टाके पडले. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, "कामगाराचा निष्काळजीपणा." खाली सही माझी. चूक मात्र माझ्या घाईची होती.

म्हणून नीट ऐका. बऱ्याच गाड्यांत पंखा इलेक्ट्रिक असतो. इंजिन गरम असेल तर चावी काढल्यावरही तो सुरू होऊ शकतो. तेव्हा गाडी सावलीत लावा, हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा आणि निदान तासभर थांबा. इथल्या उन्हाळ्यात जास्तच. धातूला हात लावून चटका बसत नाही, तोवर काम सुरू नाही. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडायचंच नाही. आतलं पाणी प्रेशरमुळे शंभर डिग्रीच्या वर असू शकतं, ते थेट तोंडावर उडतं.

मग पाना घेऊन बॅटरीची काळी, वजा खूण असलेली वायर आधी काढा. शेवटी जोडताना तीच सगळ्यात शेवटी. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. हातमोजे आणि गॉगल घाला. सुकी वाळू आधी ब्रशने काढा, तोंडावर मास्क हवा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे वायर-कनेक्टर प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट बांधा.

डिग्रीझर मारा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, ब्रशने घासा आणि साध्या पाइपने हळू पाणी सोडा. प्रेशर गन नको, पाणी कनेक्टरमध्ये शिरतं. आणि पेट्रोलने पुसणं तर अजिबात नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. एक ठिणगी पुरे. काळं पाणी वाळूत किंवा गटारात सोडू नका, वॉशिंग बेवर जा. शेवटी पिशव्या सोडा, आत फडकं राहिलं नाही ना ते बघा, सगळं सुकू द्या, मग स्टार्ट करा.

आता मुद्द्याची गोष्ट. कुणी घाई केली तर म्हणा, "साहेब, इंजिन गरम आहे. थंड झालं की करतो." यात उद्धटपणा काही नाही. हातमोजे, गॉगल देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी 12:30 ते 3 उन्हात काम करून घ्यायला इथे बंदी आहे. गाडी धुणं हेही कामच.

लागलं तर 998 वर ॲम्ब्युलन्स बोलवा. कामावर झालेल्या जखमेचा इलाज कंपनीच्या खर्चाने होतो, आणि इलाज चालू असेपर्यंत जास्तीत जास्त सहा महिने पूर्ण पगार, त्यापुढे सहा महिने अर्धा, असा कायदा आहे. पण तुम्ही मुद्दाम सुरक्षेच्या सूचना मोडल्या असं ठरलं तर भरपाई अडकू शकते. म्हणून रिपोर्ट कुणाकडून तरी वाचून घ्या, समजल्याशिवाय सही करू नका. काम कुणी सांगितलं, किती वाजता सांगितलं, ते त्यात लिहायला लावा.

त्या पोराचा रिपोर्ट मी नंतर बदलून घेतला. "सुपरवायझरने गरम इंजिनवर काम करायला सांगितलं" असं लिहिलं. मला वॉर्निंग लेटर मिळालं. मिळायलाच हवं होतं.

गाडी मळकी राहिली तर उद्या धुता येते. बोट गेलं तर परत येत नाही, आणि घरी पैसे त्याच हाताने पाठवायचे असतात.