भूजलातलं तेल कधी दिसतं, कधी लपतं



आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसी नामदेवला येणाऱ्या वारकऱ्यांना, पाऊस बरा झाला असेल तर, कयाधूकाठच्या विहिरी वरपर्यंत आलेल्या दिसतात. अक्षय्य तृतीयेला त्याच विहिरीत पाणी पाहायचं तर कठड्यावरून वाकावं लागतं. नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली आणि मारवाडातली खोल विहीर भरून वाहू लागली, अशी कथा आहे. त्यांच्या जन्मगावी मात्र विहिरी पावसाच्याच हाकेला ओ देतात. ही चढउतार आज वेगळ्या कारणानं सांगतोय. जमिनीत पेट्रोल किंवा डिझेल मुरलं असेल, तर ते कधी सापडेल आणि कधी लपेल, हे बरंचसं पाण्याच्या पातळीवर ठरतं. नरसीचं नाव केवळ उदाहरणादाखल घेतोय, तिथं गळती झाली आहे असं कृपया कुणी समजू नका.

आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मग कातळ. पाणी चालतं ते भेगांतून. म्हणून लिंबाळ्यासारखी औद्योगिक वसाहत असो की हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप, टाकी गळली तर तेल चहूकडे सारखं पसरत नाही. शंभर फुटांवरची विहीर कोरी राहते आणि पाचशे फुटांवरची नासते. एकाच विहिरीवर पहारा ठेवून उपयोग नाही. एक विहीर टाकीच्या वरच्या अंगाला, दोन-तीन खालच्या अंगाला, एवढ्या तरी हव्यातच.

आता मुख्य गोष्ट. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास. त्यामुळे ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेलही त्याच्या मागं भेगांच्या कडा माखत उतरतं. पावसाळ्यात पाणी चढतं, पण माखलेलं तेल सगळं वर येत नाही, भेगांत अडकून पाण्याखाली राहतं. विहिरीवर तवंग नसतो. श्रावणात नमुना घेतला, तवंग नाही असं लिहिलं, अहवाल फाइलीला लागला. मे महिन्यात शेजाऱ्याच्या बोअरला वास येतो, तेव्हा तीच फाइल पुढे केली जाते. मला विचाराल तर वर्षातून एकदाच, तेही भर पावसाळ्यात घेतलेला नमुना ही निव्वळ कागदाची सोय आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तेलाच्या साठ्याभोवतीच्या विहिरींना निदान तेवढा तरी मान मिळावा.

मोजतात कसं? टेपला एक काडी लावून विहिरीत सोडतात. ती तेलाला टेकली की एक सूर वाजतो, पाण्याला टेकली की दुसरा. दोन सुरांमधलं अंतर म्हणजे तेलाच्या थराची जाडी. नंतर दोरीला बांधलेली पारदर्शक नळी हळूच बुडवून वर काढतात. खरोखर थर असेल तर नळीत पाण्याच्या वर पिवळसर पट्टा आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. प्रयोगशाळेचा नमुना काचेच्या लहान बाटलीत, वर हवेचा बुडबुडा न ठेवता भरायचा आणि बर्फात ठेवायचा, कारण त्यातलं बेंझीन उडून जातं. बेंझीनमुळे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एवढ्याशा बेंझीनचा नाकाला पत्ताही लागत नाही.

विहिरीवर इंद्रधनुषी तवंग दिसला म्हणून लगेच पंपवाल्याच्या दारात जाऊ नका. काडीनं ढवळून बघा. पापडासारखे तुकडे झाले तर बहुधा तो लोहजिवाणूंचा थर. फिरून पुन्हा जुळला तर तेल. तेही आधी आपल्याच डिझेल इंजिनाचं नाही ना, हे कठड्याखाली वाकून पाहावं.

चेन्नईत तोंडियारपेटला २०१३ साली लोकांच्या बोअरमधून पेट्रोल येऊ लागलं. बंदरातून टर्मिनलकडे जाणारी वाहिनी गळत होती. गळती कळली ती घराघरांतल्या पाण्यावरून. अमेरिकेत मिनेसोटातल्या बमिजीजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. शास्त्रज्ञ १९८३ पासून तिथल्या भूजलावर नजर ठेवून आहेत. जिवाणू तेल खातात हे तिथं चांगलं दिसून आलं, पण काही दशकं उलटली तरी तेल पुरतं संपलेलं नाही. तिथं वाळूची जमीन आहे. आपल्या भेगाळ कातळात तेलाचा माग काढणं त्याहून अवघड.

पाण्याला पेट्रोलचा वास आला तर पंप बंद करा. विहिरीत कंदील किंवा पेटती काडी नेऊ नका. ते पाणी उकळून पिण्याचा विचारही नको, वाफ घरात भरते. ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि भूजल यंत्रणेला लेखी कळवा. आणि अहवाल हातात आला की आकड्याआधी दोन गोष्टी पाहा: नमुना कोणत्या तारखेला घेतला आणि त्या दिवशी विहिरीत पाणी किती खोल होतं. हे लिहिलेलं नसेल तर अहवाल परत पाठवा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला नव्यानं नमुना घ्यायला सांगा.