सुटीची पेटी भरताना

परीक्षा आटोपल्या की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामे एकदमच निघतात. एक आजोळी जाण्याचे आणि दुसरे लग्नाला जाण्याचे. दोन्ही ऐन वैशाखात, पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असताना. विदर्भातल्या शाळा पुण्या-मुंबईच्या शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्या काही उगाच नाही. अशा उन्हात मग माळ्यावरची पेटी खाली येते, आणि घरात वाद सुरू होतो : न्यायचे काय?

या वादात बहुधा जिंकतात ते चकचकीत कपडे. चारचौघांत बरे दिसायचे तर थोडे सोसावेच लागते, असा आपला समज आहे ना! एका लग्नातली गोष्ट सांगतो. भर दुपारचा मुहूर्त, मांडवात वारा नाही, आणि पाच-सहा वर्षांच्या एका पोराला गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला जाड, चमकदार कोट घातलेला. पोरगा आधी किरकिरला, मग गप्प झाला. गप्प झाला म्हणून सगळ्यांना बरे वाटले! त्याच्या मामाने हात लावून पाहिले तेव्हा अंग तव्यासारखे तापलेले. कोट काढला, सावलीत नेले, ओल्या दुपट्ट्याने अंग पुसून वारा घातला आणि तसेच दवाखान्यात पोचवले, म्हणून निभावले. लक्षात ठेवा, असे मूल गुंगीत असेल तर त्याच्या तोंडात बळेच पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जाते.

आता त्या कोटाचे काय चुकले ते पाहू. आपला उन्हाळा कोरडा. घाम आला की तो उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ही निसर्गाने दिलेली सुराहीच समजा. कपड्याने या कामात आडवे येऊ नये, एवढीच अपेक्षा. साधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस आठ-साडेआठ ग्रॅम ओल शोषून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. हा धागा १९४१ साली इंग्लंडात शोधला गेला, आणि टेरिलीन म्हणून आपल्याकडे आला तेव्हा त्याची इस्त्री मोडत नाही याचेच सर्वांना कौतुक. इस्त्री मोडत नाही हे खरे, पण घट्ट शिवलेल्या दाट कापडात माणूस मोडतो त्याचे काय?

रंगाचे म्हणाल तर फिका बरा, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण रंगापेक्षा सैलपणा मोठा. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे घालतात, याचे शास्त्रज्ञांना कोडे पडले होते. त्यांनी वाळवंटात उभे राहून केलेले मोजमाप १९८० साली प्रसिद्ध झाले. काळा झगा तापतो जास्त, हे दिसलेच. पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता अंगापर्यंत पोचतच नाही, आतल्या हवेबरोबर निघून जाते. तेव्हा शिंप्याकडे गेलात की बगलेत आणि छातीवर चांगली ढील ठेवायला सांगा. बाही लांब असू द्या, उन्हापासून हात झाकला जातो. पोरांचे कपडे असे शिवले तर पुढच्या सुटीतही अंगाला येतात, हा नफा वेगळाच.

किती न्यायचे? आपल्याकडे मे महिन्यात दोरीवर टाकलेला सुती सदरा पाहता पाहता वाळतो. मग पेटी कोंबून कशाला भरायची? पुरुषांना दोन फिके पायजमे आणि तीन सदरे पुरेत. तिन्ही सदऱ्यांचे रंग असे निवडा की दोन्ही पायजम्यांवर चालतील. सहा तऱ्हा होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, गुरुजींकडे कपडे फार! बाईंनी तीन सुती पातळे घेतली आणि पोलकी दोनच, पण तिन्हींवर शोभणारी घेतली, तरी हेच साधते. कोकणात किंवा मुंबईला जाणार असाल तर मात्र एकेक जोड जास्त घ्या. तिथली हवा दमट, कपडा लवकर वाळत नाही. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी रात्रीसाठी एखादी शाल टाकावी.

राहिला समारंभाचा जोड. त्यासाठी नागपूरच्या दुकानांत धावायचे कारण नाही, तो आपल्याच जिल्ह्यात विणला जातो. ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा कोसा आपल्याकडचा. आपल्या ढिवर बंधूंच्या किती पिढ्या पाखरांपासून आणि मुंग्यांपासून त्या किड्यांची राखण करीत आल्या! त्या सुताचे कापड मोहाडी, आंधळगाव इकडचे कोष्टी विणतात. करवतकाठी लुगडे ते हेच. त्याचा काठ वेगळा विणून जोडलेला नसतो. मधल्या अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात, आणि जिथे काठाचे सूत अंगाच्या सुतात अडकते तिथे करवतीसारखे दाते उमटतात. अंगाचा रंग मधासारखा, तो रंगवलेला नव्हे, किड्यानेच दिलेला. त्यावर हिरवे पोलके घाला, जांभळे घाला, लाल घाला, विशोभित दिसत नाही.

कोसा स्वस्त नाही, हे मी लपवीत नाही. हातमागावरचे लुगडे विणायला दिवसच्या दिवस जातात. म्हणूनच नकली माल कोसा म्हणून खपवला जातो, आणि त्यात तुमचे पैसेही जातात व विणकराचे पोटही मारले जाते. पारख सोपी आहे. पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर रेशीम. वितळून टणक मणी झाला, तर ते रेशीम नव्हे. कागद जळल्याचा वास आला तर सूत. मात्र काठाचा धागा घेऊ नका. काठात पुष्कळदा सुती धागाच घालतात. दुकानदार धागा द्यायला कुरकुरला तर तेही एक उत्तरच समजा.

पोरांना कोसा घेऊ नये. वर्षात आखूड होतो आणि आंब्याचे डाग पडतात ते वेगळेच. मोठ्यांनी एक घ्यावा आणि पुष्कळ वर्षे वापरावा. दुपारच्या मुहूर्ताला सुतीच नेसा, वरातीला किंवा संध्याकाळच्या पंगतीला कोसा काढा. घामाचा कोसा तसाच घडी करून ठेवू नका. रिठ्याच्या गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. वापरता वापरता तो मऊ पडतो.

शेवटी दुपट्टा. माणशी दोन न्या. एक डोक्या-कानाला बांधायला, दुसरा भिजवून मानेवर टाकायला. पेटीत मात्र तळाशी घालू नका. सर्वांत वर ठेवा, झाकण उघडल्याबरोबर हाती लागला पाहिजे. बरं आहे, राम राम.