‘उद्या या’



गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात सेवेवर बोलायचं म्हणजे काशीकराला गंगा दाखवण्यासारखं. पण बाबांचा खराटा आणि कीर्तन आपल्याला जितकं पाठ आहे, तितकं त्यांच्या धर्मशाळांबद्दल आपण बोलत नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे वर्गणी जमवून त्यांनी पक्की बांधकामं उभी केली आणि विश्वस्तांच्या हवाली केली. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. कळवळा आला की छप्पर लागतं, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

हेच एका ख्रिस्ती संन्यासिनीला फार महागात शिकावं लागलं. त्यांचं नाव सिस्टर लूसी कुरियन. केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या कोलयाडच्या. बाराव्या वर्षी शिकायला मुंबईत आल्या, तिथली झोपडपट्टी पाहिली आणि पुढे होली क्रॉस संघात सिस्टर झाल्या. १९९१ साली त्या पुण्यात स्त्रियांसाठीच्या एका संस्थेत काम करीत होत्या. एक गरोदर बाई आली. नवरा जिवावर उठलाय, आजची रात्र इथे राहू द्या, म्हणाली. सिस्टरांच्या हाती ना खोली होती, ना परवानगी देण्याचा अधिकार. उद्या काहीतरी करू, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. सिस्टर तिला रुग्णालयात घेऊन धावल्या. बाई गेली, पोटातलं बाळही गेलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक सिस्टरांच्या अश्रूंपाशी थांबतात. मला त्यानंतरची सहा वर्षं मोठी वाटतात. रडून मोकळं होता येतं. सहा वर्षं पैसा, जागा आणि माणसं यांच्या मागे लागणं हे वेगळं काम आहे, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. २ फेब्रुवारी १९९७ रोजी वढू बुद्रुकला, संभाजी महाराजांची समाधी आहे त्याच गावात, ‘माहेर’ सुरू झालं. ख्रिस्ती बाई आहे, बाटवायला आली असेल, अशी कुजबुज गावात झालीच. सिस्टरांनी वाद घातला नाही. घरात सगळ्या धर्मांचे सण सुरू केले आणि जात दाराबाहेर ठेवली. आधार शोधत आलेल्या बायकांपैकीच कित्येक जणी पुढे मुलांना सांभाळणाऱ्या गृहमाता झाल्या. ८ मार्च २०१६ ला राष्ट्रपतींच्या हस्ते सिस्टरांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. १९९१ साली घरगुती हिंसाचाराचा कायदा नव्हता. तो २००५ मध्ये झाला. मारहाण झालेल्या बाईनं मागितला तर निवारागृहानं तिला आसरा द्यायलाच हवा, असं त्यात लिहिलं आहे. संरक्षण अधिकारी आहे, सखी केंद्र आहे, १८१ हा नंबर आहे. तरीही धारणीहून एसटीनं, कडेवर पोर घेऊन, अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात पोचलेल्या बाईला कुणी म्हणतं, साहेब जेवायला गेले, उद्या या. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात कुणी म्हणतं, आधारची झेरॉक्स नाही, उद्या या. ज्या शेतकऱ्यानं कर्जापायी विष घेतलं, त्याची बायको तहसीलच्या पायऱ्या चढते, तिलाही तेच. म्हणणारा दुष्ट नसतो. बऱ्याचदा तो पदवीधर असतो, आणि त्याच्याकडेही खोली नसते.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातलं कुणी तलाठी होईल, कुणी परिचारिका, कुणी वकील, कुणी बँकेत बसेल. सिस्टर व्हा, संन्यास घ्या, असं मी सांगत नाही. तुमच्या आई-बाबांनी तर माझा माईकच बंद केला असता. मागणं एवढंच की रुजू व्हाल त्या आठवड्यात एक काम करा. तुमच्या तालुक्यातून रात्री आठनंतर निघालेली बाई कुठे झोपू शकते, ते स्वतः जाऊन पाहून या. दार कोण उघडतं, अंथरूण आहे का, किल्ली कुणाकडे असते. जागा नसेल तर तसं लेखी कळवा, आवक क्रमांक घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.