हापसा गावाचा, राखणही गावाचीच



आज पिण्याच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. शेतीच्या कार्यक्रमात पिण्याच्या पाण्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मंडळी, गावाच्या घागरीत येणारं पाणी आणि तुमच्या उसाला, मोसंबीला जाणारं पाणी एकाच जमिनीच्या पोटातलं आहे. म्हणून हे बोलणं तुमच्याशीच.

आधी हापशाची हकीकत ऐका. दुष्काळाच्या काळात गावोगाव बोअर घेतले गेले आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसवले. ते पंप मुळात एका घरापुरते. त्यांच्यावर दिवसभर सारं गाव पाणी हापसू लागलं, तेव्हा ते थोड्याच दिवसांत मोडून पडले. खाली पाणी आणि वर बायाबापड्या रिकाम्या घागरी घेऊन उभ्या! आपल्या जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी पोलादी, भक्कम पंप तयार केले होते. त्यातल्या सोलापुरी पंपाच्या धर्तीवर, युनिसेफच्या मदतीने, 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला. तो पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. सोलापूरच्या मातीतलं हे शहाणपण युगांडा, मालीपर्यंत पोहोचलं, हे विसरू नका.

पण पंप कितीही भक्कम असो, देखभाल नसेल तर तो बंद पडणारच. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, तसंच हापशाच्या साखळीलाही लागतं. हापशाची परीक्षा घरच्या घरी करता येते, ती अशी :

1. पाणी नीट येऊ लागेपर्यंत हापसा, मग अर्धा तास थांबा. पुन्हा हापसल्यावर पाचांहून जास्त दांडे मारावे लागले, तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाईप गळतो आहे, असं समजा.

2. चाळीस दांड्यांत पंधरा लिटरची बादली भरते का, पाहा. दहा लिटरही भरत नसेल, तर सिलिंडरमधले वॉशर झिजले असण्याचा संभव आहे. मेकॅनिकला बोलवा, पंप पुरता बंद पडण्याची वाट पाहू नका.

3. दर महिन्याला साखळीला ग्रीस लावा आणि ढिले झालेले नटबोल्ट आवळा. ओटा फुटला असेल तर सिमेंटने लिंपून घ्या. फुटक्या ओट्यातून सांडपाणी परत बोअरमध्ये उतरतं आणि गावात हगवण पसरते.

4. सांडपाणी नालीने लांब न्या. त्यावर केळीची चार झाडं जगतील. गुरं ओट्याजवळ धुऊ नका.

आता बऱ्याच गावांत नळ आले आहेत. 2019 मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं, तेव्हा देशातल्या खेड्यांत सव्वातीन कोटींच्या आसपास घरांना नळ होते. आता तो आकडा पंधरा कोटींच्या पुढे गेला आहे. माणशी रोज 55 लिटर पाणी द्यावं, असं ठरलं आहे. पण नळाची तोटी बसवली म्हणजे काम संपलं नाही. वीजबिल थकलं की मोटार बंद, मोटार बंद की टाकी कोरडी. पाणीपट्टी भरणं म्हणजे सरकारवर उपकार नव्हे, तो आपल्याच मोटारीचा चारा आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. हिशेब डोळ्यांपुढे असला की लोक पैसे देतात. जलसुरक्षकाने टीसीएल पावडर रोज टाकली की नाही, हेही विचारा. विचारायची लाज धरू नका.

आता खरी अवघड गोष्ट. आपल्या महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. या पाषाणात पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत, तेही थोडंच. बोअर खोल नेला म्हणजे नवं पाणी लागेलच असं नाही. पुष्कळदा शेजाऱ्याचंच पाणी आपल्याकडे येतं. तांब्या एकच, नळ्या दोन!

जरा हिशेब करा. एक एकरात पाच सेंटिमीटर पाणी मोकाट भरलं, तर दोन लाख लिटर लागतं. हजार वस्तीच्या गावाला रोज 55 लिटरप्रमाणे 55 हजार लिटर पुरतं. म्हणजे एका एकराची एक पाळी म्हणजे साऱ्या गावाचं साडेतीन दिवसांचं पाणी. गावाच्या विहिरीशेजारी बोअर घेताना हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा. सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास 1993 च्या कायद्याने बंदी आणली होती. 2009 च्या भूजल कायद्यातही अशा स्रोतांना संरक्षण आहे. पण कायद्याचा बडगा येण्याआधी शेजारधर्म यावा, हे बरं.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा शेजारधर्म पाळून दाखवला. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखं तहानलेलं पीक लावायचं नाही, असं गावानेच ठरवलं. पाऊस किती पडला ते मोजायचं, त्यातून आधी पिण्याचं, मग जनावरांचं, मग पिकाचं पाणी वाटायचं. पाऊस कमी, तर पीकही बदलायचं.

तुम्हीही पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, आणि पुन्हा मार्चात गावाच्या विहिरीची पातळी दोरीने मोजून चावडीच्या भिंतीवर लिहा. दोरी, खडू आणि दहा मिनिटं, एवढाच खर्च. अडचण आली, तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्या. पातळी घसरलेली दिसली, तर उन्हाळी पीक कमी करा, ठिबक लावा, नाल्यावरच्या बंधाऱ्यातला गाळ काढा.

बंधूंनो, पीक एका हंगामाला गेलं तर पुढच्या हंगामाला पेरता येतं. पिण्याचं पाणी आटलं, तर गावच उठतं. म्हणून आधी घागर, मग पाट. येत्या ग्रामसभेत हा विषय काढाच.

नमस्कार.