ब्रेकची किरकिर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बायकांनी पाककृतीवर किंवा मुलांच्या संगोपनावर बोलावे असा आपला शिरस्ता आहे. मी मात्र आज मोटारीच्या ब्रेकवर चार शब्द बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि मी गाडी चालवतही नाही. पण गाडीत बसते. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे असते, शेजारी बसणारीचे कान मोकळे असतात. म्हणून ब्रेक कुरकुरू लागला की तो पुष्कळदा आपल्याला आधी ऐकू येतो.

आपल्या गोराईत तर याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खाडीपलीकडे बोरिवली समोर दिसते, आपण होडीने जातो-येतो. पण गाडीला उत्तनवरून भाईंदरचाच रस्ता धरावा लागतो. रात्रीअपरात्री घरात कोणी आजारी पडले तर त्याच रस्त्याने न्यायचे. शिवाय एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खारी हवा लोखंड कसे खाते, हे खिडकीचे गज पाहून आपल्याला ठाऊकच आहे.

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढे चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. पाय दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीसारखे धरतात. मागे डब्यासारखा ड्रम असतो, त्याच्या आत दोन लायनर पसरून कडेला घासतात. घासताना पॅड थरथरला की त्या थरथरीचा आवाज होतो. फळ्यावर खडू आडवातिडवा ओढला की अंगावर काटा आणणारा आवाज निघतो ना, तसाच हा प्रकार.

हे आवाज ओळखायला शिकावे. पावसाळ्यात सकाळी गाडी काढताना आवाज येतो आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर जातो, तो रात्रीच्या ओलीने तबकडीवर चढलेल्या गंजाचा. तो घासून निघतो, त्याची काळजी नको. दुसरा बारीक किंचाळल्यासारखा आवाज, जो दिवसभर जात नाही. पॅड तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, धूळ-वाळू अडकलेली असते, किंवा पॅड झिजत आलेला असतो. काही पॅडांना पत्र्याची बारीक जीभ असते. पॅड झिजला की ती तबकडीला घासून ओरडते. तो इशारा देण्यासाठीच ती बसवलेली असते. तिसरा आवाज जाडा, खरखरीत. तो आला म्हणजे पॅडचा थर संपून लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे आणि गाडी पुढे दामटू नये.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. दार कुरकुरले, शिवणयंत्र वाजू लागले की आपण तेलाचे दोन थेंब सोडतो. ब्रेकला ते चालत नाही. पॅडला किंवा तबकडीला तेल लागले की आवाज थांबेल, पण गाडी थांबणार नाही!

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून असा आवाज येऊ लागला. एका गॅरेजवाल्याने न पाहताच पॅड आणि तबकड्या सगळे बदलायला सांगितले. मी म्हटले, "दादा, आधी चाक काढा आणि पॅड दाखवा." तो यजमानांकडे पाहून हसला, पण त्याने चाक काढले. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो, तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा लागतो. आमच्या एका पॅडचा थर चांगला जाड होता आणि त्याचा जोडीदार बराच झिजलेला. म्हणजे पॅड धरणारा कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो, ते खिळे गंजून अडकले होते. खिळे साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे खास, उष्णता सोसणारे ग्रीस लावले. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, कारण एकाच चाकाचे बदलले तर गाडी एका बाजूला ओढते. तबकड्या जुन्याच ठेवल्या. आवाज गेला आणि तबकड्यांचा खर्चही वाचला.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पॅड झिजतात तसे डबीतले ब्रेक ऑईल हळूहळू खाली जाते, म्हणून ते नुसते भरून गप्प बसू नका; पॅड तपासायला सांगा. ते हवेतली ओल शोषते, तेव्हा साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि पॅड बदलल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक चार-पाच वेळा दाबून तो घट्ट लागतो ना, हे पाहून घ्यावे.

हे पुरुषांचे काम, असे कोणी म्हणेल. त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगावी. जर्मनीतली ही बाई १८८८ साली नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न विचारता घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आजच्या लायनरचे मूळ तिथे आहे. माहेरच्या वाटेवर एका बाईला ते सुचले!

तेव्हा भगिनींनो, उद्या ब्रेक ओरडला तर "जुनी गाडी आहे, चालायचेच" म्हणून सोडून देऊ नका. कोणत्या चाकातून, पाय दाबल्यावर की सोडल्यावर, सकाळी की दिवसभर, एवढे नीट ऐकून मिस्त्रीला सांगा आणि काढलेला पॅड स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्या गाडीत आपली मुलेबाळे बसतात.